लाल ठिपक्यांची घरं

वसंता,

हे मी तुझ्या हयातीत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्ती तोंडावर आली म्हणून, मग तुझी तब्येत बरी नसायची म्हणून. एक कारण संपलं की दुसरं सापडत गेलं. आता तू जाऊन तेवीस दिवस झाले, कारणं सगळी संपली, तरी आज सकाळपासून दोनदा कागद बाजूला सारून मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून आलो. शैला म्हणाली, तुमच्या अशा काळजीनं झाडं कुजतील.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं संपादकबाईंचं दोनदा सांगून झालं. पंचेचाळीस वर्षांची मैत्री, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, असं त्या म्हणाल्या. शोकसभेतही याच कारणानं मला पहिलं बोलायला लावलं होतं. मी बोललो. गणपतीच्या नाटकात तू आतून संवाद सांगायचास तो नटापेक्षा मोठ्या आवाजात, हे सांगितलं तेव्हा लोक रडता रडता हसले. माझ्यानंतर निवृत्त कर्मचारी संघटनेचे एक गृहस्थ उठले. त्यांनी तुझी मनापासून स्तुती केली आणि शेवटी म्हणाले, "बस वो एक गलती छोड़ दें, तो वसंतजी की पूरी नौकरी बेदाग रही." लोकांनी माना हलवल्या. नलिनीवहिनी पहिल्या रांगेत, तुझ्या मुलासुनेशेजारी होत्या. मी त्यांच्यामागे दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मला उठता आलं असतं. माइक चालू होता. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यालो.

ती चूक तुझी नव्हती. माझी होती. हे एवढं वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली आहेत. त्या दिवशी माना हलवणारे सगळे हा अंक वाचतील. वाचू देत.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून तुझ्यादेखत मला सुरुवातीपासून सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

मी साताऱ्याहून भोपाळला सरकारी कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये, टेलिफोन विभागात लागलो तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं. 'लाइन खराब है' एवढं वाक्य मी तीन दिवस वेगवेगळ्या स्वरांत वापरलं. तू ग्वाल्हेरचा, तुझं मराठी ऐकून मला वाटायचं हा माणूस माझी थट्टा करतो आहे, आणि माझं ऐकून तुला वाटायचं मी रेडिओवर बोलतो आहे. हुद्द्यानं मी अधिकारी, तू टेक्निशियन. लोकांपुढे तू मला साहेब म्हणायचास, घरी मधू, आणि रागावलास की मधुकरराव. पहिल्या वर्षी तू मला केबलच्या जोडाच्या खड्ड्यात उतरवलंस. म्हणालास, "साहेब, कागदावर सगळ्या लाइनी सरळच असतात. खाली येऊन बघा एकदा." सगळ्या विभागात मी एकटाच अधिकारी होतो ज्याला तांब्याच्या जोड्या सोलता यायच्या. ते तू शिकवलंस, याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. अधिकाऱ्यानं मानायचे नसतात, अशी माझी तेव्हाची समजूत.

आता लाल ठिपक्यांचं सांगतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये कुणी रिसीव्हर उचलून नंबर फिरवलाच नाही, तर रॅकवर त्या घरच्या नंबरापाशी पिवळा दिवा लागायचा. नियमाप्रमाणे तो बिघाड. रिसीव्हर नीट ठेवला नसेल, मांजरानं पाडला असेल. आमचे लोक ती लाइन काढून ठेवायचे आणि दिवा विझवायचे. एका सकाळी असाच दिवा लागला, शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंच्या घरचा. तू दिवा विझवला नाहीस. हेडफोन लावून ऐकत राहिलास. कुणी बोलत नव्हतं, पण तुला श्वास ऐकू आला. तू हॉस्पिटलला फोन करून ॲम्ब्युलन्स पाठवलीस. बाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, वाचा गेली होती, हात तेवढा फोनपर्यंत पोचला होता. त्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी तू नलिनीवहिनींची नेलपॉलिशची बाटली घेऊन ड्यूटीवर आलास. टाऊनशिपमधल्या ज्या घरांत कुणी एकटं, कुणी हृदयाचं दुखणं असलेलं, कुणी दिवस गेलेलं, त्यांच्या नंबरांपाशी तू लाल ठिपके लावलेस. मग सायकलवरून त्या घरोघरी गेलास. प्रत्येक घरी तेच सांगितलंस: बोलता आलं नाही तर बोलू नका, नंबर फिरवू नका, रिसीव्हर उचला आणि बाजूला ठेवा, आम्ही बघून घेऊ. लाल ठिपक्याच्या नंबरावर दिवा लागला की वीस आकडे मोजायचे, मग सरळ हॉस्पिटलला फोन करायचा, हे तिन्ही पाळ्यांच्या माणसांना पाठ झालं. कुठल्याही पुस्तकात ही पद्धत नव्हती, कुठल्याही परिपत्रकात नव्हती. वरच्यांपैकी ती माहीत असलेला मी एकटाच. त्यावर तुझ्या घरी एकच वाद कायमचा राहिला. नेलपॉलिश संपली की वहिनी म्हणायच्या, सरकारी कामाला माझी बाटली कशाला, स्टोअरमधून मागवा ना. आणि तू म्हणायचास, स्टोअरवाले विचारतील कुठल्या नखाला लावायची.

त्यातला एक ठिपका माझ्या घरचा होता. शैलाला आठवा महिना होता आणि मी कामासाठी दिल्लीला गेलो होतो. दुपारी तिला एकदम त्रास सुरू झाला. तिनं रिसीव्हर उचलून पलंगावर टाकला आणि आडवी झाली. ॲम्ब्युलन्स आली, पाठोपाठ सायकलवर तू. सई त्या संध्याकाळी झाली, दीड महिना आधी, मुठीएवढी. मी परत आलो तेव्हा तू हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसला होतास. म्हणालास, "पोरगी तुझ्यावर गेली आहे. आल्या आल्या तक्रार सुरू."

म्हणजे ती पद्धत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं, तू नव्हे, वाचणाऱ्यांनी.

सई मोठी झाली, शिकली, अमेरिकेला गेली. तिचा पहिला फोन संगणकावरून आला त्या रविवारी मी तुला मुद्दाम बोलावलं होतं. हेडफोनमधून पोरीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. ट्रंक कॉल लावून तास-तास बसलेला मी माणूस, मला तो चमत्कार वाटला. तू हेडफोन लावलास, 'काय गं सई' म्हणालास, आणि तुम्ही दोघं एकदम बोललात, मग दोघं एकदम थांबलात, मग पुन्हा एकदम बोललात. तू हेडफोन काढून म्हणालास, "आवाज चांगला आहे रे. पण मधे कुणीतरी बसून विचार करून राहिलं आहे, पुढे सोडू की नको."

मी तुला समजावून सांगितलं होतं. आता आवाजासाठी तारेची एक जोडी अडवून ठेवायची गरज नाही. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पत्ता घातलेल्या लिफाफ्यात भरायचा, आणि कंप्युटरच्याच तारेतून सोडून द्यायचा. लिफाफे हव्या त्या रस्त्यानं जातात, पलीकडे पुन्हा ओळीनं लागतात. एखादा हरवला तरी कानाला कळत नाही. कुणी बोलत नसेल तेव्हा लिफाफे पाठवायचेच नाहीत, तेवढी जागा वाचते. तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "जो बोललाच नाही, त्याचा लिफाफा कोण बनवणार?"

मी म्हणालो, "गप्प बसायला फोन कशाला लागतो?"

शैला हसली, वहिनी हसल्या, मीही हसलो. तूही हसलास बहुतेक. मला तुझा चेहरा आठवत नाही, आणि तो आठवायचा मी इतक्या वेळा प्रयत्न केला आहे की आता जो आठवेल तो माझाच बनवलेला असेल.

त्यानंतर वर्षभरात आपलं एक्स्चेंज बदलायचं ठरलं. जुन्या रॅकचे सुटे भाग मिळत नव्हते, केबल चोरीला जात होती, आणि दिल्लीचं मुख्य कार्यालय, आपला कारखाना, बाकीचे कारखाने सगळे एकाच जाळ्यावर येणार होते. चार आकडे दाबले की दिल्ली. काम चांगलं होतं, आजही मी तसंच म्हणेन. तू म्हणायचास की लाइट गेली तरी आपला फोन चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीची, हा नवीन घरच्या बटणावर जगणार. मी म्हणायचो, प्रत्येक सेक्टरला बॅटरी देतो आहोत. तो वाद बरोबरीचा होता. त्यात तू काही जिंकलास, काही मी. तो वाद मला आठवतो तेव्हा बरंही वाटतं. आपण चहा थंड होईपर्यंत भांडायचो आणि थंड चहा पिऊन कामाला लागायचो.

नवीन यंत्रणेत काय काय हवं त्याची यादी मी केली होती. पुस्तकात होतं ते सगळं तिच्यात आलं. तुझे ठिपके पुस्तकात नव्हते, म्हणून यादीत आले नाहीत. तू लक्षात आणून दिलंस तेव्हा मी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, होईल, या नंबरांवर रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच दाबलं नाही तर फोन आपोआप हॉस्पिटलला लागेल असं बसवता येतं. पण हॉस्पिटलचे फोन अजून जोडायचे होते, तपासायचे होते, आणखी आठ दिवस लागतील. दिवस सोमवार होता. शुक्रवारी उद्घाटन होतं. जीएम साहेब नवीन फोनवरून दिल्लीच्या अध्यक्षांशी बोलणार होते, मंडप ठरला होता, आणि माझी बढती महिन्याभरात निघणार होती. मी इंजिनिअरला म्हणालो, उद्घाटन झालं की करू.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या टेबलाशी आलास आणि एक कागद दिलास. तक्रार नोंदवायच्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेला, मराठीत. आवक रजिस्टरमध्ये तो चढवायला हवा होता. तू म्हणालास, "तुलाच तर देतो आहे, रजिस्टरमध्ये काय चढवायचं." मी म्हणालो, हो, बघतो, आणि खण उघडून ठेवला.

तो कागद माझ्यासमोर आहे. मी तो इथे जसाच्या तसा उतरवतो, कारण तो कधीच कुणी वाचलेला नाही.

"मधू, खालची ३१ घरं नवीन फोनवर शिफ्ट नको करू जोपर्यंत हॉस्पिटलची सेटिंग होत नाही. तोपर्यंत यांना जुन्यावरच राहू दे, मी रॅक चालू ठेवतो, काही प्रॉब्लेम नाही. आणि जर शुक्रवारी सगळे करायचेच असतील तर मला दोन माणसं आणि दोन दिवस दे. मी घरोघरी जाऊन सांगून येतो की आता रिसीव्हर उचलून ठेवलं तर कोणी नाही येणार. हे सांगणं जरूरी आहे. मी त्यांना तसं करायला सांगितलं होतं, म्हणून तेच करतील. वसंत."

खाली एकतीस नंबर, क्वार्टरसकट. तिवारीजींचं घर अकरावं.

बुधवारी मी तुला माणसं दिली नाहीत. घरोघरी जाऊन आता कुणी येणार नाही असं सांगितलं तर उद्घाटनाच्या आधी बोभाटा होईल, युनियन उठेल, ही भीती मला वाटली. तुला मी सांगितलं की सेटिंग शुक्रवारच्या आत होते आहे. होत नव्हती, आणि मला ते माहीत होतं. गुरुवारी मी स्वीकृतीच्या कागदावर सही केली. 'सर्व विशेष सुविधा नवीन यंत्रणेवर स्थलांतरित', असं त्यात छापील वाक्य होतं. शुक्रवारी जीएम साहेब अध्यक्षांशी बोलले. पेढे वाटले. तू विचारलंस, ठिपक्यांचं झालं ना? मी पेढा खात होतो, मान डोलावली.

उद्घाटनानंतर इंजिनिअर दुसऱ्या कारखान्याच्या कामाला गेला, पंधरा दिवसांत येतो म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही. खरं तर मी विसरलो. मुद्दाम केलं असतं तर निदान त्याची आठवण तरी ठेवली असती.

सतराव्या दिवशी दुपारी तिवारीजींना झटका आला. ते फाउंड्रीचे फोरमन, निवृत्तीला दोन महिने उरले होते, रजेवर घरीच होते. तिवारी भाभींचे गुडघे गेलेले, उंबरा ओलांडायलाही त्यांना आधार लागायचा. त्यांनी तू सांगितलं होतंस तसंच केलं. याआधी दोनदा केलं होतं आणि दोन्हीदा गाडी आली होती. रिसीव्हर उचलला, बाजूला ठेवला, आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसल्या. पाऊण तास. ओरडल्या असत्या तर शेजारी आले असते. पण गाडी येणारच होती, तर ओरडायचं कशाला? भांडी घासायला बाई आली, तिनं बाहेर धाव घेतली, तेव्हा गाडी आली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' मी अजूनही उलटंसुलटं करून पाहतो. कधी ते मला सोडवतं, कधी पुन्हा धरतं.

आपण दोघं त्यांच्या घरी गेलो. भाभी जमिनीवर बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. तुला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "भैया, आपने ही तो कहा था ना, उठा के रख देना?"

तू हात जोडून उभा राहिलास. मी तुझ्या डाव्या हाताला उभा होतो. तुला तेव्हा माझ्याकडे बघायला हरकत नव्हती. तू बघितलं नाहीस. तू टाळलंस की तुला सुचलंच नाही, हे मला तुला विचारायचं होतं.

चौकशी बसली. तू सांगितलंस की मी साहेबांना लिहून दिलं होतं. तिघांच्या समितीनं मला बोलावलं. मधल्या साहेबांनी अगदी सौम्यपणे विचारलं, असा काही कागद आपल्याकडे आला होता का. तुझा कागद त्या वेळी माझ्या पाकिटात होता. चौकशी बसल्याच्या दिवशीच मी तो खणातून काढला होता. फाडायचा म्हणून काढला होता आणि फाडवला नाही. मी म्हणालो, "मुझे याद नहीं आ रहा, सर."

नाही म्हणालो नाही. खोटं बोललो नाही असं स्वतःला सांगता यावं एवढी जागा मी ठेवली होती. आवक रजिस्टर पाहिलं गेलं, त्यात काही नव्हतं. निष्कर्ष असा निघाला की ठिपक्यांची पद्धत अनधिकृत होती, ती एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या मनानं सुरू केली, आणि बदलाच्या वेळी तिची माहिती वर दिली नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली तुझी सुपरवायझरची जागा गेली. तुझी बदली स्क्रॅप यार्डात झाली. मी बढती घेतली.

यार्डात त्या वर्षी आपलीच जुनी केबल येऊन पडत होती. तू तिचे ढीग लावायचास. मी एकदा आलो तर तू एक तुकडा उचलून दाखवलास, म्हणालास, "हा जोड तुझा आहे. बघ, किती वाकडा." मला हसू आलं नाही आणि तू का हसलास ते मला तेव्हापासून कळलेलं नाही. त्या वर्षी मला झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. शैलाला वाटायचं, नव्या जबाबदारीचा ताण.

तू मला एकदाच विचारलंस. बदलीनंतर दोनेक महिन्यांनी, संध्याकाळी तलावाकडे फिरायला गेलो होतो. तू चालता चालता म्हणालास, "मधू, तो कागद खरंच हरवला का रे?" मी म्हणालो, "असेल कुठेतरी कागदांत." तू म्हणालास, "सापडला तर सांग." आणि लगेच सईच्या लग्नाचं विचारायला लागलास.

पुन्हा कधी विचारलं नाहीस. कधीच. तू रागावला असतास, बोलणं टाकलं असतंस, चारचौघांत काढलं असतंस तर मी लढलो तरी असतो. तू नेहमीसारखा येत राहिलास. दिवाळीला चिवडा, सईच्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहणं, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला रिक्षा घेऊन हजर. आणि मी तुझ्यासोबतचा प्रत्येक क्षण, आता हा विचारणार, आता विचारणार, असा काढला. तू पेला खाली ठेवलास की मला वाटायचं आता. तू 'बरं का मधू' म्हणालास की मी हातातलं काम थांबवायचो, आणि तू पुढे म्हणायचास, आमच्या अयोध्या नगरात पाणी फार खारं येतं. अठरा वर्षं माझ्या मित्राच्या सोबतीची मला भीती वाटली. तुला माहीत होतं का? माहीत असून तू येत होतास, की माहीत नव्हतं म्हणून? दोन्हीपैकी कुठलंही उत्तर मला झेपणार नाही, तरीही मी रोज तो प्रश्न काढून बसतो.

मी प्रयत्न केले, हेही लिहू दे. तुझ्या वास्तुशांतीला कागद खिशात घालून आलो होतो. घरात माणसं होती. तुझी बायपास झाली तेव्हा आयसीयूबाहेर आलो, डॉक्टर म्हणाले ताण देऊ नका, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी कँटीनमध्ये जाऊन समोसा खाल्ला. शेवटचा प्रयत्न गेल्या महिन्यातला. तू इंदूरला मुलाकडे होतास, सुनेनं व्हिडिओ कॉल लावून दिला. मी तयारी करून बसलो होतो, पहिलं वाक्य पाठ केलं होतं. तू बारीक झाला होतास. चित्र स्वच्छ होतं, आवाज स्वच्छ होता, एकही तुकडा हरवत नव्हता. तू म्हणालास, "बोल रे, आज काही बोलून नाही राहिलास." मी विचारलं, जेवण जातं का. तू म्हणालास, खिचडी. मग मी खिचडीबद्दल बोललो. नंतर तू गप्प झालास, मीही. दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. सून म्हणाली, बाबा दमले. तेवढंच.

तू गेल्यावर मी आधी शैलाला सांगितलं.  ती म्हणाली, आपली सई त्या दिव्यामुळे आहे, तुम्हाला त्या दिवशी हेसुद्धा आठवलं नाही? मी म्हणालो, आठवलं होतं. त्यावर ती उठून आत गेली. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं, नलिनीला छापील वाचून कळता कामा नये, आधी जाऊन सांगा.

म्हणून परवा सकाळी मी अयोध्या नगरात गेलो. वहिनींनी चहा केला. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. अक्षरावरून बोट फिरवलं. मी विचारलं, त्याला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर एवढंच म्हणाले होते, मी लिहून दिलं होतं, कागद गहाळ झाला. कुणाला दिला ते मी पुष्कळदा विचारलं, भाऊजी. नाव नाही सांगितलं." मग मी माफीचं काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी मला थांबवलं. "ती माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे नाही आहे ती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "छापा. नावं बदलू नका. आणि तिवारी भाभींकडे तुम्ही स्वतः जा, कागद घेऊन. त्या अजूनही यांचं नाव निघालं की उठून जातात."

भाभी इथल्याच कोटरा सुल्तानाबाद भागात मुलाकडे असतात. मुलाला फोन केला, येतो म्हटलं, कशासाठी ते सांगितलं नाही. उद्या दहा वाजता जायचं आहे. त्या दार उघडतील की लावतील, माहीत नाही. ऐकतील की नाही, तेही नाही. त्यांच्यापुढे जे बोलायचं ते मी हिंदीत चार वेळा लिहून खोडलं. प्रत्येक वेळी वाक्यात कुठेतरी तुझं नाव माझ्या नावाच्या आधी येत होतं, सवयीनं. आता एकच वाक्य उरलं आहे, वसंतने लिख के दिया था, मैंने दबा दिया. त्यानंतर त्या जे म्हणतील ते ऐकायचं, मधे बोलायचं नाही.

पण तुला अजून सांगितलेलं नाही. वहिनींना सांगणं वेगळं, भाभींना वेगळं, अंकात छापणं त्याहून वेगळं, आणि या कुठल्याही वाटेनं ते तुझ्यापर्यंत येत नाही. म्हणून त्या व्हिडिओ कॉलसाठी पाठ केलं होतं ते इथे लिहितो. त्या दिवशी जेवण जातं का असं विचारायच्या ऐवजी मला म्हणायचं होतं: वसंता, तुझा कागद मला मिळाला होता. मी तो वाचला होता. तू बरोबर होतास, मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तुला एकट्याला उभं केलं. मला माफ कर.